शुभारंभाच्या पेढ्यांनंतर

२०२३ सालच्या गुढीपाडव्याची सकाळ. सांगलीतील एका गजबजलेल्या रस्त्यावरच्या नव्या दुकानाच्या दाराला झेंडूचे तोरण होते, आत सत्यनारायणाचा प्रसाद वाटला जात होता आणि काचेमागच्या पुतळ्यांच्या अंगावर नवे कोरे कुर्ते होते. माझे एक शिक्षक मित्र आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. त्यांच्या कन्येने स्त्रियांच्या तयार कपड्यांचे हे दुकान थाटले होते. वाणिज्य शाखेची पदवी, त्यावर वस्त्ररचनेचा वर्षभराचा अभ्यासक्रम आणि अंगचा उत्साह हे तिचे भांडवल. पैशाचे भांडवल वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून आले होते. फीत कापण्याचा मान मला मिळाला आणि त्या मानाला जागून मी दहा मिनिटे बोललो. मराठी तरुणांनी नोकरीच्या मागे न धावता व्यवसायात उतरावे, धोका पत्करावा, अर्थार्जनाबरोबर अर्थनिर्मितीही करावी, असे ते सगळे नेहमीचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेढे खाऊन आम्ही घरी परतलो.

मे २०२४ मध्ये त्याच दारावर ‘गाळा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागली.

अशा प्रसंगी समाजाचे निदान तयारच असते. ‘मराठी माणसाच्या रक्तात धंदा नाही’ हे वाक्य त्या आठवड्यात मी चार ठिकाणी ऐकले, त्यांपैकी दोन ठिकाणी अशा सद्गृहस्थांच्या तोंडून की ज्यांनी आयुष्यात कधी एक काडेपेटीही विकलेली नाही. मला ते निदान तेव्हाही पटले नाही आणि आज तर मुळीच पटत नाही. माझ्या मित्राच्या घरी जाऊन, त्या मुलीसमवेत बसून, दुकानाची कागदपत्रे मी दोन रविवार चाळली. ती म्हणाली, “काका, दुकान चालत नव्हतं असं नाही. रोज विक्री होत होती. पैसे कुठे गेले, तेच कळत नाही.” या वाक्यात तिच्या अपयशाचे सारे मर्म आहे. आपल्यासारख्या कुटुंबांतून अलीकडे जी अशी दुकाने उघडली जात आहेत, त्यांच्या पालकांनी ते नीट समजून घ्यायला हवे.

भांडवल होते सहा लाखांचे. एक लाख गाळ्याच्या अनामतीत गेले. सव्वादोन लाख फर्निचर, काच, दिवे आणि फलक यांत. अडीच लाखांचा माल भरला. उरलेले पंचवीस हजार शुभारंभाच्या समारंभात खर्ची पडले. बेरीज बरोबर सहा लाख होते आणि दोष नेमका तिथेच आहे. दुकान उघडले त्या सकाळी गल्ल्यात पुढच्या महिन्याचे भाडे देण्याइतकीही शिल्लक नव्हती. जे दुकान पहिल्या दिवसापासून स्वतःच्या विक्रीवर स्वतःचे भाडे भरण्यास बांधलेले आहे, त्याला चूक करण्याची मुभा नसते. आणि नवख्या माणसाच्या हातून पहिल्या वर्षी चुका होणारच. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून उरेल तेवढ्यातच फर्निचर आणि माल बसवायचा, हा साधा विवेक कुणीच दाखवला नाही. काचेची कपाटे मात्र उत्तम होती.

दुकानाचा महिन्याचा खर्च असा होता : भाडे अठरा हजार, मदतनीस मुलीचा पगार आठ हजार, वीज व किरकोळ चार हजार. एकूण तीस हजार. सहाशे रुपयांचा कुर्ता हजाराला, असा तिचा साधारण भाव होता, म्हणजे शंभराच्या विक्रीत चाळीस रुपये सुटत. मग हे तीस हजार भागवण्यासाठी महिन्याला पंचाहत्तर हजारांची विक्री हवी. सुटीचे दिवस वगळता रोज सुमारे एकोणतीसशेची. एवढी विक्री बहुतेक महिन्यांत होत होती. म्हणून तर दुकान चालत असल्याचा भास होता! पण या हिशेबात तिचा स्वतःचा एक रुपयाही नव्हता. सकाळी दहा ते रात्री नऊ उभे राहणाऱ्या पदवीधर मुलीने महिन्याला वीस हजार घ्यायचे म्हटले, तर विक्री सव्वा लाखावर न्यावी लागते. म्हणजे रोज अठ्ठेचाळीसशे. ‘तू घरचीच आहेस, तुला कशाला पगार?’ हा प्रश्न घरात विचारला गेला होता आणि तिलाही तो योग्यच वाटला होता. ज्या व्यवसायात मालकाच्या श्रमाची किंमत शून्य धरली जाते, तो तोट्यात आहे की नफ्यात, हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

त्यातून सवलत. विक्री मंदावली की वीस टक्के सूट लावणे हा नवख्या दुकानदाराला सुचणारा पहिला उपाय. हजाराचा कुर्ता आठशेला गेला की सुटतात दोनशे. ग्राहकाला सूट मिळाली वीस टक्के, दुकानदाराची मिळकत मात्र निम्मी झाली! खर्च आणि स्वतःचा पगार धरून लागणारे पन्नास हजार मिळवायला आता सव्वा लाखाऐवजी दोन लाखांची विक्री करावी लागेल. सूट लावल्याने तेवढी गर्दी वाढत नाही. पाचवीच्या मुलाला सुटेल असे हे गणित आहे. तरीही वाणिज्य शाखेच्या पदवीधर मुलीने ते कधी मांडले नाही आणि तिच्या वडिलांनी, ज्यांनी तीस वर्षे गणित शिकवले, त्यांनीही मांडले नाही.

कापडाच्या धंद्याला आपण टिकाऊ मालाचा धंदा समजतो. धान्याला कीड लागते, भाजी सडते, कापडाला काय होणार? परंतु फॅशनचे कापड हे भाजीसारखेच असते, फक्त त्याचा वास येत नाही. यंदा रुळलेली बाही पुढच्या वर्षी कुणी हातात घेत नाही. नवरात्रातील नऊ रंगांची प्रथा गेल्या वीस-बावीस वर्षांत महाराष्ट्रात घट्ट रुजली आहे. त्या नऊ दिवसांपूर्वी एखाद्या रंगाला जी मागणी असते, ती तो दिवस मावळताच ओसरते. शिवाय मापांचा प्रश्न. घाऊक व्यापारी माल ‘सेट’ने देतो, म्हणजे एका नमुन्याचे एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असे चार नग घ्यावेच लागतात. मधली दोन मापे आठवड्यात जातात आणि कडेची दोन कपाटात राहतात. नवखा दुकानदार पैसे आले म्हणून पुन्हा नवा सेट आणतो, पुन्हा दोन राहतात. असे चौदा महिने चालले. शेवटी तिच्याकडे खरेदीच्या भावाने एक लाख साठ हजारांचा माल पडून होता आणि तो जवळजवळ सगळा कडेच्या मापांचा होता. पैसे कुठे गेले, या तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या पाठीमागच्या कपाटात हँगरला लटकलेले होते. ‘लॉट’ उचलणाऱ्या व्यापाऱ्याने त्याचे रुपयाला तीस पैसे दिले.

यावर उपाय म्हणून संगणक हवा असे नाही. एक वही पुरते. प्रत्येक नग कोणत्या तारखेला आला, ते चिठ्ठीवर लिहायचे. साठ दिवस उलटले की त्याची जागा बदलायची, नव्वद उलटले की खरेदीच्या भावात काढून टाकायचा. दुसरी वही नकारांची. गिऱ्हाईक काय मागत होते आणि आपल्याकडे काय नव्हते, हे त्याच संध्याकाळी टिपून ठेवायचे. या मुलीने माल आणला तो स्वतःच्या आवडीने, पंचविशीतल्या मुलीला शोभेल असा. दुकानात येत होत्या त्या चाळिशी-पन्नाशीच्या शिक्षिका, बँकेतल्या भगिनी, ज्यांना पूर्ण बाही, खिसा आणि गुडघ्याखाली उंची हवी होती. त्या विचारत, नाही म्हटले की हसून निघून जात. चौदा महिन्यांत असे किती नकार गेले असतील, याची नोंद कुठेच नाही.

पंचांगाचा विचार तर आपल्या लोकांना सांगावा लागू नये. कापडाच्या दुकानाचे वर्ष आपल्या सणांवर चालते. लग्नसराई, गणपती, नवरात्र, दिवाळी, संक्रांतीच्या काळ्या साड्या आणि हळदीकुंकू हे चढाचे दिवस. आषाढ आणि पितृपक्ष उताराचे. २०२३ साली अधिक श्रावण आला. १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा महिना जादाचा पडला आणि २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला बसलेले गणपती त्या वर्षी १९ सप्टेंबरला आले. दुकान उघडून चार महिने झालेले, हाती शिल्लक नाही आणि सणाची खरेदी जवळपास तीन आठवडे लांबलेली. घरमालकाचे भाडे मात्र इंग्रजी महिन्याने चालते. घरात दाते पंचांग भिंतीला टांगलेले होते. अधिक मासातले दानधर्म त्यात पाहून झाले. मालाची खरेदी केव्हा करायची, हे कुणी पाहिले नाही.

आता जरा कटू विषयाकडे वळतो. त्या कागदपत्रांत एक उधारीची यादी होती. एकूण रक्कम एक्केचाळीस हजार. नावे वाचली तेव्हा मी गप्प झालो. मामा, आत्या, शेजारी, वडिलांचे सहकारी, शाखेतले, भजनी मंडळातले, सगळे आपलेच. त्यात आमच्या घरचेही नाव होते, अठराशे पन्नास रुपये. दिवाळीत घेतलेल्या दोन कुर्त्यांचे. घरी विचारले तर सौभाग्यवती म्हणाल्या, “ती मागेल तेव्हा देऊ म्हटलं, तिने मागितलेच नाहीत.” ती कशी मागणार? ज्या काकांनी फीत कापली, त्यांच्याकडे? आपल्या समाजातील नव्या दुकानदारावर पहिला घाव परका घालत नाही. मॉलमध्ये छापील किमतीला मान तुकवून पैसे मोजणारा मनुष्य आपल्या माणसाच्या दुकानात शिरला की त्याचा अधिकार जागा होतो. ‘घरचंच दुकान आहे, आम्हाला काही कमी कर’, ‘लिहून ठेव, पुढच्या आठवड्यात देतो’, ‘बदलून दे, दोनदाच घातलाय’. आणि त्याच ओठांनी आपण मराठी उद्योजकतेवर व्याख्याने देतो. मी दिले होते, हे वर सांगितलेच आहे.

आपल्याकडे स्वदेशीचा इतिहास सांगताना १९०५ सालची पुण्यातील परदेशी कापडाची होळी हमखास सांगितली जाते आणि सांगावीच. पण लगेच पुढच्या वर्षी मुंबईत स्वदेशी मालाच्या विक्रीसाठी सहकारी भांडार उभे राहिले आणि त्यात लोकमान्यांचा सहभाग होता, हे फार थोड्यांना आठवते. होळीला एक संध्याकाळ पुरते; भांडार रोज सकाळी उघडावे लागते, माल मोजावा लागतो, भागधारकांना हिशेब द्यावा लागतो. आपल्या स्मरणात ज्वाळा राहिल्या आणि गल्ला विसरला गेला. ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी सवय आहे. त्यागाची भाषा आपल्याला येते, नफ्याची उच्चारताना जीभ अडखळते.

सांगलीहून तासाभराच्या अंतरावर, कोल्हापूरजवळ गांधीनगर आहे. फाळणीनंतर घरदार गमावून आलेल्या सिंधी बांधवांची ती वसाहत. आज दक्षिण महाराष्ट्रातील, सीमेपलीकडच्या कर्नाटकातीलही दुकानदार तिथे घाऊक कापड घ्यायला जातात. उल्हासनगरचीही कथा अशीच : निर्वासितांच्या छावणीतून ती तयार कपड्यांची आणि जीन्सची बाजारपेठ झाली. त्यांच्या यशाचे रहस्य रक्तात शोधणाऱ्यांनी एकदा गांधीनगरच्या एखाद्या पेढीवर दिवसभर बसावे. तिथे सोळा वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर गाठी उघडायला येतो, मोजतो, चुकतो, बोलणी खातो. तो पंचविशीत स्वतःचे दुकान टाकतो तेव्हा त्याच्या गाठी नऊ वर्षांच्या चुका असतात आणि त्या दुसऱ्याच्या पैशाने झालेल्या असतात. आपली मुलगी पंचविशीत पहिली चूक करते, ती वडिलांच्या ग्रॅच्युइटीने.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे : दुकान काढू इच्छिणाऱ्या मुलाने वा मुलीने आधी किमान सहा महिने, शक्य तर वर्षभर, दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करावी. काउंटरवर उभे राहावे, घड्या घालाव्यात, दिवसाची भवानी होईपर्यंत मालकाचा जीव कसा टांगणीला लागतो ते पाहावे. ‘आमची पदवीधर मुलगी सेल्सगर्ल?’ हा अडथळा मुलीच्या मनात नसतो, तो पालकांच्या मनात असतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कारखान्यात उमेदवारी केली तर आपण ते अभिमानाने सांगतो. दुकानातली उमेदवारी मात्र लपवावीशी वाटते.

सरकारी बाजू तुलनेने सोपी झाली आहे, तीवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला केवळ सूचना नोंदवावी लागते. फलक मात्र देवनागरीत, मराठीत हवा. केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्याला आपल्या राज्यात वार्षिक उलाढाल चाळीस लाखांपर्यंत असेतो सामान्यतः जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे महिना सव्वा लाख विकणारे दुकान त्या जाळ्याबाहेर राहते. अर्थात नोंदणी नसलेल्याने ग्राहकाकडून कर आकारायचा नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही त्याला मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर पाच टक्के दर आला. पूर्वी तो हजार रुपयांपर्यंतच होता. मुद्रा योजनेतून २०१५ पासून तारणाशिवाय कर्ज मिळते. वडिलांची आयुष्याची पुंजी पणाला लावण्याऐवजी बँकेच्या दारात उभे राहिले, तर बँकेचा अधिकारी निदान प्रश्न तरी विचारतो, जे वडील विचारत नाहीत. गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स करार मात्र वाचून, नोंदवून करावा. दरवर्षी भाडे किती वाढणार आणि मुदतीआधी सोडल्यास अनामत किती कापणार, ही दोन कलमे तर दोनदा वाचावीत. या मुलीच्या अनामतीतले चाळीस हजार असेच गेले.

जिल्ह्याच्या ठिकाणीही आता टाटा समूहाच्या झुडिओसारखी दालने आली आहेत, मोबाईलवर तीनशे रुपयांचा कुर्ता दिसतो. त्यांच्याशी भावात झुंजणे हा निव्वळ आत्मघात होय. पण ते दालन गिऱ्हाइकाला कुर्त्याची बाही दोन बोटे सैल करून देत नाही. ‘मागच्या संक्रांतीला नेलेल्या ओढणीवर हे जुळेल’ असे तिथला कर्मचारी सांगू शकत नाही. खणाच्या पोलक्याचे माप तिथे कुणी घेत नाही. छोट्या दुकानाचे क्षेत्र हेच आहे, आणि ते लहान असले तरी पोट भरण्याइतके निश्चित आहे.

दुकान बंद झाल्यावर ती मुलगी सहा महिने घरात बसून होती. वडील तिच्याशी पैशांबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच तिला सर्वांत जड गेले असे ती सांगते. ‘लग्नापर्यंत वेळ जाईल म्हणून काढून दिलं होतं’ असे नातेवाईक म्हणत. जणू सहा लाख रुपये वेळ घालवण्याचे साधन होते! नंतर तिने स्वतःहून कोल्हापुरातील एका जुन्या कापड दुकानात नोकरी धरली. रोज सकाळची एसटी, रात्री परत. पगार बारा हजार. घरात पंधरा दिवस अबोला झाला. दहा महिने तिने ती नोकरी केली आणि २०२५ च्या दसऱ्याला घराच्या बाहेरच्या खोलीत पुन्हा विक्री सुरू केली. फीत नव्हती, भाषण नव्हते. ऐंशी हजारांचा माल आणला, तोही केवळ शिक्षिका व नोकरदार स्त्रियांच्या मापांचा आणि पसंतीचा, सोबत एक शिलाई यंत्र. भिंतीवर पाटी लावली आहे : ‘उधार नाही’. तिच्या आईला ती पाटी अजूनही आवडत नाही. मागच्या महिन्याचा तिचा स्वतःचा पगार नऊ हजार निघाला, तो तिने वहीत ‘पगार’ म्हणूनच लिहिला आहे. वीस हजारांचे गाव अजून दूर आहे आणि ते ती लपवत नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. जुन्या अठराशे पन्नासाची परतफेड केव्हाच झाली होती, तरी पायरी चढताना माझे पाऊल थोडे घुटमळलेच. सौभाग्यवतींनी एक कुर्ता घेतला, सातशे सत्तर रुपयांचा. आठशे दिले. तिच्याकडे सुटे नव्हते, तेव्हा मी म्हणालो, “राहू दे गं तीस रुपये.” ती म्हणाली, “नाही काका, बसा दोन मिनिटं,” आणि समोरच्या किराणा दुकानातून सुटे आणायला चप्पल घालून निघाली.